पिकअप हवा की पळ? मोटारसायकलचं गिअरिंग, गिअरबॉक्स आणि कार्ब्युरेटर बदलण्याचा नीट क्रम

गाडीचा पिकअप वाढवायचा म्हटलं की बहुतेक जण आधी कार्ब्युरेटरला हात घालतात. मोठा कार्ब बसतो, जेट (पेट्रोल किती जाईल ते ठरवणारा भोकाचा छोटा तुकडा) बदलतो, आणि तरीही गाडी चढावर दमते. वर पेट्रोलही जास्त जातं. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आधी इंजिनाची तब्येत, मग स्प्रॉकेट (चेन ज्यावर चालते ते दातेरी चाक), मग खरंच गरज असेल तर गिअरबॉक्स आणि क्लच, आणि कार्ब्युरेटर सगळ्यांत शेवटी. स्प्रॉकेट बदललं की इंजिन रोज कोणत्या आरपीएमवर आणि किती थ्रॉटलवर चालतं तेच बदलतं. कार्बचं ट्यूनिंग तर नेमकं त्याच थ्रॉटलसाठी करायचं असतं. आधी कार्ब लावून बसलात तर स्प्रॉकेट बदलल्यावर अर्धं काम पुन्हा करावं लागतं.

दुसरी गोष्ट, एका वेळी एकच बदल. मी एकदा पुढचं स्प्रॉकेट आणि मेन जेट एकाच दिवशी बदलले. गाडी मधल्या आरपीएमवर अडखळायला लागली आणि दोष कशाचा हे शोधण्यात दोन आठवडे गेले. तेव्हापासून प्रत्येक बदलानंतर किमान दोन-तीन दिवस गाडी चालवल्याशिवाय मी पुढच्या कामाला लागत नाही.

इथलं सगळं चेनवर चालणाऱ्या, कार्ब्युरेटरच्या, एक सिलिंडरच्या चार-स्ट्रोक गाडीला धरून आहे. काम सुरू करण्याआधी तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. नट किती टॉर्कला आवळायचा आणि कोणता भाग किती झिजलेला चालतो, हे आकडे फक्त तिथेच खात्रीचे मिळतात. वॉरंटी, विमा आणि धुराचे नियम यांवर काय परिणाम होईल तेही आधीच बघून घ्या.

आधी तब्येत

दमलेल्या इंजिनाला कोणतंही स्प्रॉकेट वाचवत नाही. टॅपेट सेटिंग (वॉल्व्हचा खेळ) तपासा, एअर फिल्टर साफ करा किंवा बदला, प्लग काढून बघा, कॉम्प्रेशन मोजा. मागचं चाक उचलून न्यूट्रलमध्ये हाताने फिरवा. ते लगेच थांबत असेल तर ब्रेक धरून ठेवतोय किंवा बेअरिंग गेलंय. टायरमधली हवा बघा. क्लच घसरतोय का, याची परीक्षा सोपी आहे: टॉप गिअरमध्ये मध्यम वेगावर थ्रॉटल एकदम पूर्ण उघडा. आरपीएम झटकन चढला आणि वेग मात्र तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. अशा गाडीत पिकअप नसण्याचं कारण गिअरिंग नाही, क्लच प्लेट आहेत.

मग एका वहीत आजची स्थिती लिहून काढा. दोन्ही स्प्रॉकेटचे दात, चेनचा नंबर, मेन आणि पायलट जेटवरचे आकडे, कार्बमधल्या सुईची क्लिप वरून कितव्या खाचेत आहे, मिश्रणाचा स्क्रू किती फेरे उघडा आहे. ओळखीचा एखादा चढ निवडा आणि तो कोणत्या गिअरमध्ये, किती वेगाने चढतो ते लिहा. टॉप गिअरमध्ये ताशी ६० किमीला आरपीएम किती, लिटरला किती किलोमीटर, हेही नोंदवा. पुढे प्रत्येक बदलाची तुलना या पानाशी करायची आहे.

गिअरिंगचं गणित

इंजिनाची फिरकी चाकापर्यंत तीन टप्प्यांत पोचते. क्रँकपासून क्लचपर्यंतचं प्रायमरी रिडक्शन, गिअरबॉक्समधला चालू गिअर, आणि चेन-स्प्रॉकेटचा शेवटचा टप्पा. तिन्ही गुणोत्तरांचा गुणाकार केला की एकूण गुणोत्तर मिळतं. पहिले दोन आकडे मॅन्युअलमध्ये असतात. तिसरा तुम्हीच काढा: मागचे दात भागिले पुढचे दात.

समजा प्रायमरी ३.२०, पाचवा गिअर ०.९५, मागे ४२ आणि पुढे १४ दात. शेवटचं गुणोत्तर ३.०० आलं, एकूण ९.१२. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला क्रँक ९.१२ फेरे फिरतो. टायरचा घेर प्रत्यक्ष मोजा: टायरवर खडूची खूण करा, आपण बसून गाडी एक पूर्ण फेरा सरळ ढकलवून घ्या आणि जमिनीवरच्या दोन खुणांमधलं अंतर मोजा. समजा ते १.९५ मीटर आहे. आता ६००० आरपीएमला चाक मिनिटाला साधारण ६५८ फेरे फिरतं, आणि वेग येतो ताशी ७७ किमी. पुढचं स्प्रॉकेट १५ दातांचं केलं तर त्याच आरपीएमला वेग ८२.५ होतो, १३ दातांचं केलं तर ७१.५.

हे एका दाताचं काम आहे. पुढचा एक दात म्हणजे सुमारे ७ टक्के फरक, आणि तो मागच्या तीन दातांच्या बरोबरीचा आहे. म्हणून पुढचं स्प्रॉकेट बदलणं स्वस्त आणि झटपट, तर बारीक फरक हवा असेल तेव्हा मागचं बदलायचं.

पुढे दात कमी किंवा मागे जास्त केले की चाकाला मिळणारा जोर वाढतो. गाडी लवकर उचलते, ओझं घेऊन चढावर खालचा गिअर कमी वेळा टाकावा लागतो. बदल्यात त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं, आवाज आणि थरथर वाढते, लांबच्या सरळ रस्त्यावर पेट्रोलही जास्त लागतं. पुढे दात वाढवले की हेच उलटं. शक्ती यात कुठेही निर्माण होत नाही. इंजिनाकडे जी आहे ती कोणत्या वेगाला वापरायची, एवढंच आपण ठरवतो.

पुढे एक दात वाढवला की टॉप स्पीड वाढतोच, असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. हवेचा अडथळा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढवायचा तर शक्ती साधारण ३३ टक्के जास्त हवी. लहान इंजिन टॉप गिअरमध्ये आधीच आपल्या सर्वाधिक शक्तीच्या आरपीएमपर्यंत पोचत नसेल, तर आणखी उंच गिअरिंगमुळे, म्हणजे पुढे दात वाढवल्यामुळे, टॉप स्पीड उलट घटतो. सपाट, मोकळ्या आणि सुरक्षित जागी चौथ्या आणि पाचव्या गिअरमधला सर्वाधिक वेग बघा. दोन्हींत जवळपास सारखाच येत असेल तर तुमचं गिअरिंग आधीच उंच आहे, आणि १५ चं स्प्रॉकेट तुमच्यासाठी नाही. याउलट पाचव्यात इंजिन सहज लाल पट्ट्याकडे धावत असेल तर एक दात वाढवायला जागा आहे.

रोज कुठे चालवता ते स्वतःलाच प्रामाणिकपणे विचारा. घाट, डबलसीट, सामान, गर्दीतली हाफ-क्लच चाल यांना छोटं पुढचं स्प्रॉकेट मानवतं. रोज लांब आणि सपाट जाणाऱ्याला मोठं. मी स्वतः एका वेळी एका दातापलीकडे जात नाही.

स्प्रॉकेट आणि चेन निवडताना

चेनच्या नंबरात तिचं माप दडलेलं असतं. पहिला अंक म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, इंचाच्या आठव्या भागांत. ४२८ चं अंतर ४/८ इंच, म्हणजे १२.७ मिमी. ५२० आणि ५३० चं ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिमी. पुढचे दोन अंक आतल्या रुंदीचे. त्यामुळे ४२८ च्या स्प्रॉकेटवर ५२० ची चेन कधीच बसत नाही, आणि ५२० व ५३० चं अंतर एकच असलं तरी स्प्रॉकेटची जाडी वेगळी असते.

नवं स्प्रॉकेट घेताना दातांबरोबर आणखी तीन गोष्टी जुळवा: आतल्या खाचांची संख्या व माप, स्प्रॉकेटची जाडी, आणि दातांची रांग मध्यापासून बाजूला किती सरकलेली आहे ते. शेवटची गोष्ट सगळ्यांत जास्त सुटते. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असला तरी चेन तिरकी चालते आणि दोन्ही स्प्रॉकेट एका बाजूने खाते.

पुढचं स्प्रॉकेट फार लहान केलं तर चेनला जास्त तीव्र वळण घ्यावं लागतं, ती लवकर झिजते आणि स्विंगआर्मवरच्या रबरी पट्टीवर घासते. फार मोठं केलं तर चेन कव्हरला किंवा न्यूट्रल स्विचच्या वायरला लागू शकते. बसवण्याआधी मोकळी जागा डोळ्यांनी बघाच.

चेन किती ताणली गेली ते मोजायला ती घट्ट ओढून २० कड्यांचं अंतर, म्हणजे पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत, मोजा. नव्या ४२८ चेनमध्ये ते २५४ मिमी असतं. १ टक्का ताण म्हणजे २५६.५. मी तिथेच चेन बदलतो, आणि मॅन्युअलमधली मर्यादा त्याहून कडक असेल तर ती पाळतो. जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट बसवू नका, कारण ताणलेली चेन नव्या दातांना काही हजार किलोमीटरमध्येच आकड्यासारखं वाकवते. पूर्ण चेन सेट एकत्र बदलणं शेवटी परवडतं.

चेनची लांबीही बघा. दोन्ही स्प्रॉकेट मिळून एक दात वाढला की मागचं चाक साधारण पाव कडीएवढं पुढे सरकतं, ४२८ मध्ये सुमारे ३ मिमी. एका दातासाठी बहुतेक वेळा ॲडजस्टर पुरतो. मागे तीन-चार दात वाढवले तर मात्र दोन कड्या जास्तीची चेन लागते.

स्प्रॉकेट बसवण्याचं काम

इंजिन बंद, चावी काढून खिशात. चेन चढवताना किंवा साफ करताना इंजिन चालू करून चाक फिरवणं म्हणजे बोटं गमावायची तयारी. चाक नेहमी हातानेच फिरवा.

पुढच्या स्प्रॉकेटचा नट आधी ढिला करा, गाडी जमिनीवर आणि चेन अजून जागेवर असतानाच. कव्हर काढा, साचलेला चिखल आणि ग्रीस खरवडून साफ करा. लॉक वॉशरची दुमडलेली कड छिन्नीने सरळ करा. गाडी गिअरमध्ये ठेवा, कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा आणि लांब दांड्याच्या पान्याने नट सोडा. काही गाड्यांत नटाऐवजी दोन बोल्टची पट्टी असते, तिथे काम सोपं आहे. शाफ्टच्या सीलमधून ऑईल झिरपत असेल तर ते सील याच वेळी बदला.

आता गाडी डबल स्टँडवर घ्या. चेनची क्लिप काढा, ॲक्सल नट सोडून चाक बाहेर काढा. हबमधले रबर बघा. ते चेपलेले असतील तर थ्रॉटल उघडताना बसणारा झटका चेनवर जातो, आणि मग दोष उगाच नव्या स्प्रॉकेटला दिला जातो. मागच्या स्प्रॉकेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळा.

बसवताना लॉक वॉशर नवाच वापरा आणि त्याची कड नटाच्या सपाट बाजूवर नीट दुमडा. चेनच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं. उलट बसली तर एखाद्या दगडाच्या घर्षणानेही ती निसटू शकते.

चेनचा ढिलेपणा मोजताना चाक फिरवत जा आणि चेन जिथे सगळ्यांत घट्ट असेल तिथे मोजा. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना खालच्या बाजूला २० ते ३० मिमी खेळ असतो, पण तुमच्या मॅन्युअलचा आकडाच प्रमाण. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत जास्त ताणली जाते. म्हणून गाडीवर जड माणूस बसवून पुन्हा बघा. तेव्हाही थोडा खेळ उरला पाहिजे. घट्ट चेन गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं बेअरिंग खाते, आणि ती दुरुस्ती चेनपेक्षा कितीतरी महाग पडते. ॲडजस्टरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवा, पण त्यांवर पूर्ण विसंबू नका. मागून एका डोळ्याने चेनकडे पाहा, ती सरळ रेषेत दिसली पाहिजे.

१०० किमीनंतर सगळे नट आणि चेनचा ढिलेपणा पुन्हा तपासा. स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालत असेल तर काही बदलत नाही. सेन्सर गिअरबॉक्सच्या आउटपुटला असेल, तर १४ चं १५ केल्यावर काटा ७० दाखवेल तेव्हा खरा वेग ७५ असेल.

गिअरबॉक्स उघडायचा की नाही

मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये सगळ्या जोड्यांचे दात कायम एकमेकांत अडकलेले असतात. गिअर टाकताना दात जुळवले जात नाहीत; शिफ्ट ड्रम फिरतो, त्याच्या खाचेतून फोर्क सरकतो आणि गिअरच्या बाजूला असलेले ठोकळे, ज्यांना डॉग म्हणतात, शेजारच्या गिअरच्या खाचेत शिरतात. या डॉगच्या कडा गोल झाल्या की जोर पडताच गिअर सुटतो. ‘दुसरा गिअर आपोआप निघतो’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

पण इंजिन फोडण्याआधी बाहेरची कारणं संपवा. गिअर कडक पडतोय? क्लच पूर्ण सुटत नसेल, लिव्हरला खेळ जास्त असेल, ऑईल चुकीचं असेल, किंवा पायाच्या लिव्हरचे आटे गेले असतील. ओल्या, म्हणजे इंजिन ऑईलमध्येच चालणाऱ्या, क्लचच्या गाडीला जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ दर्जाचंच ऑईल हवं. घर्षण कमी करणाऱ्या रसायनांचं कारचं ऑईल क्लच घसरवू शकतं.

गिअरबॉक्स ‘सुधारणं’ म्हणजे नेमकं काय? एक तर डॉगच्या कडांना थोडा आतला उतार देऊन घेणं, म्हणजे जोर पडल्यावर गिअर बाहेर ढकलला न जाता आत ओढला जातो. हे काम नेमक्या मशीनवरच होतं, हातातल्या ग्राइंडरने अजिबात नाही. दुसरं म्हणजे जवळजवळच्या गुणोत्तरांचा गिअर सेट बसवणं. समजा पहिला गिअर २.८० आणि दुसरा १.८० आहे. ८००० आरपीएमला गिअर बदलला तर इंजिन सुमारे ५१४० वर येतं. चौथा १.१० आणि पाचवा ०.९५ असेल तर तीच उडी ६९०० पर्यंतच असते. वरच्या आरपीएमवर जोर देणाऱ्या इंजिनाला पहिली मोठी उडी झेपत नाही, आणि शर्यतीच्या गाड्यांचे गिअर म्हणूनच जवळजवळ असतात. रोजच्या गाडीला याची गरज क्वचितच पडते. माझं स्पष्ट मत आहे की रस्त्यावरच्या गाडीत चांगला असलेला गिअरबॉक्स केवळ गुणोत्तरासाठी उघडू नये. स्प्रॉकेटने जे साधतं त्यासाठी इंजिनाचं पोट फाडायचं कशाला?

उघडावाच लागला तर प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. ऑईल काढून घ्या, चुंबकावर आलेला चुरा बघा. बारीक करडी पेस्ट सामान्य आहे, दाताचे तुकडे नाहीत. क्लच, प्रायमरी गिअर, गिअर लिव्हरचा शाफ्ट काढून मग केस सोडवा. केसमध्ये पेचकस घालून उचकटू नका. योग्य पुलर आणि लाकडी हातोडा एवढंच वापरा, नाहीतर सीलची जागा कायमची बिघडते. शाफ्ट बाहेर आले की वॉशर आणि शिम ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. एक शिम चुकली तर गिअर अर्धवट अडकतो.

गिअर नेहमी जोडीने बदला. दोन शाफ्टमधलं अंतर ठरलेलं असल्याने एका गिअरचे दात बदलले की दुसऱ्याचे बदलावेच लागतात, आणि जुना-नवा एकत्र घातला तर आवाज करून दोघेही झिजतात. फोर्कच्या टोकांची जाडी व्हर्नियरने मोजा. टोकावर निळसर डाग असेल तर तो तापला होता, बदलाच. सर्क्लिप (गिअर शाफ्टवर जागेवर धरणारी कडी) पुन्हा वापरू नका. तिची एक कड गोलसर आणि दुसरी धारदार असते. ज्या बाजूने गिअरचा दाब येतो तिकडे गोलसर कड ठेवायची.

केस बंद करण्याआधी दोन्ही शाफ्ट आणि ड्रम जागेवर ठेवून, एका हाताने शाफ्ट फिरवत दुसऱ्याने ड्रम फिरवा. सगळे गिअर क्रमाने पडले आणि न्यूट्रलही मिळालं तरच पुढे जा. या दोन मिनिटांनी सगळं इंजिन पुन्हा उतरवण्याची वेळ टळते.

क्लच उघडलाच आहे तर स्टीलच्या प्लेट सपाट काचेवर ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाकडेपणा बघा. नव्या फ्रिक्शन प्लेट बसवण्याआधी काही तास इंजिन ऑईलमध्ये बुडवून ठेवा. कडक स्प्रिंग फक्त क्लच घसरत असेल तरच घाला, विनाकारण घातल्या तर मनगटाला त्रास आणि केबलवर ताण.

कार्ब्युरेटर: मोठा म्हणजे चांगला नव्हे

कार्बच्या अरुंद घशातून हवा वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि त्या ओढीने जेटमधून पेट्रोल वर येतं. घसा गरजेपेक्षा मोठा केला की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, ओढ कमी होते आणि पेट्रोल नीट फवारलं जात नाही. गाडी वर थोडी पळते, पण गर्दीत आणि चढावर मेल्यासारखी होते. चार-स्ट्रोक रोजच्या गाड्यांत १०० सीसीला साधारण १६ ते १८ मिमी, १५० ला २४ ते २६, २०० च्या आसपास २८ ते ३० मिमी असे कार्ब दिसतात. मूळ मापापेक्षा २ मिमीहून पुढे जायचं असेल तर कॅम, पोर्ट किंवा सायलेन्सरमध्ये आधी काही बदल झालेला असायला हवा. नुसत्या मोठ्या कार्बला इंजिन जास्त हवा मागत नाही.

प्रकार मुख्यतः दोन. साध्या स्लाइडच्या कार्बमध्ये केबल थेट स्लाइड उचलते, म्हणून प्रतिसाद झटपट, पण खालच्या आरपीएमला एकदम पिळलं तर इंजिन अडखळतं. सीव्ही प्रकारात केबल फक्त फुलपाखरासारखी झडप उघडते आणि स्लाइड रबरी पडद्यावरच्या दाबाने स्वतः वर जाते. ती मऊ चालते आणि ॲव्हरेज चांगलं देते. रस्त्यासाठी सीव्ही कार्ब हलका समजू नका. गाडी गुंगल्यासारखी चालत असेल तर तो काढून टाकण्याआधी त्याच्या पडद्याला भोक पडलंय का ते बघा.

नवा कार्ब घेताना मॅनिफोल्डचं (कार्ब आणि इंजिन जोडणाऱ्या नळीचं) आतलं माप, एअर बॉक्सचा रबरी पाइप, थ्रॉटल केबलची लांबी आणि चोकची जोडणी जुळते का ते पाहा. कार्ब आणि मॅनिफोल्डच्या आतल्या कडा एकसंध असाव्यात, मध्ये पायरी नको. एअर फिल्टर काढून उघड्या तोंडाने गाडी चालवू नका. धूळ पिस्टन रिंगा खाते आणि मिश्रणही बेभरवशाचं होतं.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचते. हे काम मोकळ्या हवेत, इंजिन गार असताना करा. आसपास ज्योत, ठिणगी, सिगारेट काही नको.

जेटिंगचा क्रम

कोणत्या थ्रॉटलला कोणता भाग राज्य करतो हे समजलं की निम्मं काम झालं. बंद ते सुमारे एक अष्टमांश थ्रॉटलपर्यंत पायलट जेट आणि मिश्रणाचा स्क्रू. त्यानंतर साधारण पावपर्यंत स्लाइडच्या कडेचा कापलेला उतार. पाव ते पाऊण सुई. पाऊण ते पूर्ण मेन जेट. सीमा थोड्या एकमेकांत मिसळतात. मुठीवर चिकटपट्टी लावून शून्य, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. तक्रार किती आरपीएमला येते यापेक्षा किती थ्रॉटलला येते हे जास्त महत्त्वाचं आहे.

सर्वांत आधी फ्लोटची (कार्बमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची मॅन्युअलप्रमाणे करा. पेट्रोलची पातळी चुकली तर वरचे सगळे टप्पे एकदम चुकतात. फ्लोटची सुई गळत असेल तर पेट्रोल ओव्हर होतं, कधी कधी सिलिंडरमधून ऑईलमध्येही उतरतं. ऑईलला पेट्रोलचा वास आला तर ते आधी बदला, मगच इंजिन चालू करा.

मग हवा कुठून चोरून आत जाते का ते बघा. इंजिन आयडलवर ठेवून मॅनिफोल्डच्या सांध्यांवर साबणाचं पाणी फवारा. आवाज बदलला तर तिथे गळती आहे, आणि ती बंद होईपर्यंत जेट बदलण्यात काही अर्थ नाही.

आता मेन जेट. सुरुवात मोठ्या जेटपासून करा आणि खाली या. जास्त पेट्रोलने गाडी जड चालते, प्लग काळा होतो, पण इंजिन वाचतं. कमी पेट्रोलने, म्हणजे लीन मिश्रणाने, पिस्टन तापून खराब होऊ शकतो. पूर्ण ज्वलनासाठी १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, पण सर्वाधिक शक्ती त्याहून थोड्या रिच, म्हणजे जास्त पेट्रोलच्या, मिश्रणावर, १२.५ ते १३ च्या आसपास मिळते.

चाचणी बंद ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागेवर चालवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) करा. इंजिन गरम झाल्यावर पूर्ण थ्रॉटलला ते वर चढताना गुरगुरत, अडखळत असेल तर मेन जेट मोठा आहे. वर जाऊन सपाट पडत असेल तर थ्रॉटल पूर्णवरून किंचित मागे घ्या. मागे घेताच क्षणभर जोर आला तर मेन जेट लहान आहे. प्लग बघायचा तर पूर्ण थ्रॉटलला काही सेकंद चालवून त्याच क्षणी क्लच दाबा आणि इंजिन बंद करा. आयडलवर आणून मग बघितलेला प्लग आयडलचीच गोष्ट सांगतो. पोर्सेलिनचा आतला, बुडाकडचा रंग पाहा. फिकट तपकिरी हवा. पांढरा आणि कोरडा म्हणजे लीन, काजळी म्हणजे रिच. सायलेन्सरला ऑक्सिजन सेन्सर लावून मोजण्याची सोय असेल तर रंगापेक्षा त्यावर जास्त विश्वास ठेवा.

जेटवरचे आकडे वेगवेगळ्या कंपन्यांत सारखे मानू नका. काही आकडे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतात, म्हणजे ११० चा जेट १.१० मिमी, तर काही प्रवाह सांगतात. भोकात तार घालून जेट साफ करू नका, व्यास बदलतो.

मेन जेट ठरला की सुई. क्लिप खालच्या खाचेत नेली की सुई वर जाते आणि मिश्रण रिच होतं. क्लिप वर नेली की लीन. अर्ध्या थ्रॉटलला गाडी ओढत नसेल तर एक खाच बदलून बघा. सीव्ही कार्बच्या सुईला अनेकदा खाचाच नसतात, तिथे अर्ध्या मिमीचा पातळ वॉशर खाली घालून सुई उचलतात. रोजचं बहुतेक चालवणं पाव ते अर्ध्या थ्रॉटललाच होतं, त्यामुळे ॲव्हरेज इथेच ठरतं. मी सर्वांत जास्त वेळ सुईला देतो.

शेवटी पायलट. इंजिन पूर्ण गरम हवं. स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत फिरवा, जोर केला तर टोक मोडतं. मग दीड फेरा उघडा. इथून अर्धा-अर्धा फेरा फिरवत आयडल सर्वांत चढं आणि स्थिर कुठे येतं ते शोधा, आणि मग आयडल स्क्रूने आरपीएम खाली आणा. स्क्रू कुठे आहे ते ओळखा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू, बाहेर काढला की लीन. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलमिश्रणाचा, बाहेर काढला की रिच. हवेच्या स्क्रूला एका फेऱ्याच्या आतच चांगलं आयडल येत असेल तर पायलट जेट एक नंबर मोठा घाला, अडीचच्या पुढे जावं लागत असेल तर एक नंबर लहान. पेट्रोलमिश्रणाच्या स्क्रूला नेमकं उलटं.

थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम वर लटकून सावकाश उतरत असेल तर खालचं मिश्रण लीन आहे किंवा हवा चोरली जाते. आयडलच्याही खाली पडून मग सावरत असेल तर रिच. गरम इंजिनात चोक थोडा ओढल्यावर तक्रार कमी झाली तर ती लीनची तक्रार आहे, वाढली तर रिचची.

उंचीवर हवा विरळ होते, दर १००० मीटरला साधारण १० टक्क्यांनी. समुद्रसपाटीवर बरोबर बसलेला मेन जेट २००० मीटरवर रिच वाटतो. डोंगरात कायम राहणाऱ्याने एक-दोन नंबर लहान जेट घालावा. चार दिवसांच्या सहलीसाठी मात्र बदलू नये, कारण खाली परतल्यावर तोच जेट लीन ठरतो.

सगळं जुळल्यावर वहीतलं पहिलं पान उघडा आणि त्याच चढावर, तेवढंच ओझं घेऊन जा. ५०० किमीनंतर प्लग, चेन आणि मॅनिफोल्डचे बोल्ट पुन्हा तपासा. दात, जेट नंबर, क्लिपची खाच आणि स्क्रूचे फेरे एका छोट्या पट्टीवर लिहून ती साइड पॅनलच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी ही गाडी उघडणाऱ्या हाताला तिथूनच सुरुवात करता येईल.